पुलमनचा गहू आणि वर्ध्याचा माणूस

क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या जन्माचा दिवस सगळे 7 नोव्हेंबर असाच सांगतात. गावाचे नाव विचारले तर बहुतेकांच्या तोंडी वर्धा येते. साल विचारले की मात्र उत्तरे फुटतात. कुणी 1884 म्हणतो, कुणी 1886. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. पहिल्या मुलीने ठामपणे 1884 सांगितले. तिच्या पाठोपाठ आलेल्या मुलाने तेवढ्याच ठामपणे 1886 सांगितले. स्पर्धा संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “सर, आमच्यातलं चुकलं कोण?” मी “दोन्ही चालतात बाळा” म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचे होते. तथ्यांच्या बाबतीत दोन्ही चालत नाहीत. एक तरी खोटे असते, आणि कोणते ते कसे शोधायचे हे त्या पोरीला सांगणे माझे काम होते.

तिला सांगायला हवे होते ते असे. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या किती माणसांचा जन्म 1 जूनला झाला आहे, हे पेन्शनची यादी चाळणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दिवशी महाराष्ट्रात काही चमत्कार घडत नव्हता. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख आठवत नसे, ‘मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यातला’ एवढेच आठवे, आणि मग गुरुजी अंदाजाने साल धरून 1 जून टाकून देत. खानखोजे यांच्या बाबतीत दिवस पक्का आहे आणि साल सैल, म्हणजे ही भानगड त्याहून वेगळी आहे. घरात वाढदिवस लक्षात राहतो, पत्रिकेत शके असतो, आणि शकाचे इसवी सन करताना, शाळेत वय लावताना, परदेशी महाविद्यालयाचा अर्ज भरताना एकेक वर्ष इकडेतिकडे सरकते. त्यात हा माणूस पुढे भूमिगत झाला. खोटे नाव आणि खोटे वय सांगणे हे त्या आयुष्यात कामाचाच भाग होते. अशा माणसाची जन्मतारीख दोन जागी दोन निघाली, तर ते चरित्राला लागलेले गालबोट नाही. तो कसा जगला याचीच ती खूण आहे.

परदेशात जाऊन नाव काढलेल्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत हे घडतेच. मिहाइलो पुपिन हा सर्बियन मुलगा 1874 मध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात पाच सेंट होते, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आणि त्या आत्मचरित्राला 1924 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचेही जन्मसाल कुठे 1854 छापलेले असते, कुठे 1858. दहा वर्षांनी, 1884 मध्ये, निकोला टेस्ला आला. त्याच्या खिशात चार सेंट होते म्हणतात. एका सेंटाचा फरक सोडला तर दोन्ही गोष्टी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्ही खऱ्या असू शकतील. पण स्थलांतरिताच्या कथेला रिकामा खिसा लागतोच, आणि ऐकणारा तो मागून घेतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. टेस्लाचे तर पुढे सगळ्यांनीच वाटे केले. सर्बिया म्हणते आमचा, क्रोएशिया म्हणते आमच्या गावात जन्मला. आपणही मागे राहिलो नाही. स्वामी विवेकानंदांनी फेब्रुवारी 1896 मधल्या एका पत्रात लिहिले आहे की, जड वस्तू आणि शक्ती मुळात एकच आहेत हे गणिताने दाखवता येईल असे टेस्लाला वाटते आणि त्यासाठी आपण त्याला भेटणार आहोत. पत्र खरे आहे. तसे गणित टेस्लाने कधी मांडले नाही. पण आपल्या व्याख्यानांत त्या पत्राचा प्रवास ‘वेदान्तातून आधुनिक भौतिकशास्त्र निघाले’ इथपर्यंत जातो.

आता आपल्या माणसाकडे येतो.

टिळकांच्या विचाराने भारलेला हा वर्ध्याचा मुलगा वडिलांच्या अर्जनविशीवर चाललेल्या घरातून निघाला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. तिथे शेतीशास्त्र शिकला आणि 1913 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या स्टेट कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. शिकता शिकता परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर चळवळीत उतरला. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान आणि इराणमध्ये इंग्रजांच्या हिंदी पलटणींत बंडाचा प्रचार करत फिरला. युद्ध संपल्यावर बर्लिन, मग मॉस्को, आणि शेवटी मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात तो प्राध्यापक झाला. 1936 मध्ये एका बेल्जियन तरुणीशी लग्न केले. भारत स्वतंत्र झाल्यावर मायदेशी यायचे ठरवले, तर व्हिसा आधी नाकारला गेला, कारण इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर अजून जिवंत होती. नंतर ती उठली. 22 जानेवारी 1967 ला नागपुरात त्यांचे निधन झाले.

एवढ्या आयुष्याला शोभेसाठी काहीही जोडायची गरज नाही. तरीही आपण जोडतो, आणि माझे म्हणणे असे आहे की जिथे पुरावा पातळ आहे नेमके तिथेच आपण जोडतो, आणि जिथे तो भक्कम आहे तिकडे पाहतही नाही.

गदरचेच घ्या. मराठी लेखांत खानखोजे ‘गदर पक्षाचे संस्थापक’ असतात. पंजाबात छापलेल्या इतिहासांत सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस आणि पंडित काशीराम खजिनदार असतात. खानखोजे असलेच तर यादीत खाली कुठेतरी. खुद्द खानखोजे यांनी उतारवयात मराठीत ज्या आठवणी लिहिल्या त्यांत त्यांचे म्हणणे बारकाईचे आहे. पक्षाच्या आधी काही वर्षे आपण काशीरामांच्या मदतीने पश्चिम किनाऱ्यावर हिंदी मजुरांची संघटना बांधली होती, आणि गदरचे काम पुढे प्रचार आणि प्रहार अशा दोन अंगांनी चालले, असे ते सांगतात. प्रहाराचे अंग म्हणजे लष्करी शिक्षण आणि शस्त्रे. ते अंग आपल्याकडे होते, हा त्यांचा दावा. वर्तमानपत्र काढणारा माणूस कागदावर उरतो. 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’चा पहिला अंक निघाला, तो आजही दाखवता येतो. प्रहाराचे काम करणाऱ्याने कागद मागे ठेवला तर तो आणि त्याचे साथीदार फासावर जातात. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरात कर्तारसिंग सराभाच्या सोबत फासावर गेलाच.

म्हणून अशा चरित्रांना दोनच झरे उरतात. एक म्हणजे त्या माणसाने तीस-चाळीस वर्षांनी आठवून लिहिलेले. दुसरा म्हणजे त्याच्या पाळतीवर असलेल्यांचे दप्तर. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांविषयीची माहिती गुन्हे अन्वेषण खात्यातल्या जेम्स कॅम्पबेल कर यांनी 1917 मध्ये सरकारच्या खासगी वापरासाठी एकत्र केली. अभ्यासक आजही त्या पुस्तकाकडे जातात. पण पोलिसांचे दप्तर म्हणजे निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. खबऱ्याला पैसे मिळायचे ते बातमीचे, त्यामुळे तो बातमी फुगवायचा. साहेबाला कट दिसायला हवा असे, म्हणून तो जोडायचा. आठवणी लिहिणाऱ्याला आपण मागे पडलो याची खंत असते आणि दप्तर लिहिणाऱ्याला बढती हवी असते. दोघांच्या सांगण्यात जो तपशील जुळतो तो घ्यायचा आणि जुळत नाही तिथे ‘असे खानखोजे सांगतात’ असे स्वच्छ लिहायचे, याला पर्याय नाही. ‘असे ते सांगतात’ हे तीन शब्द गाळले की चरित्राचे कीर्तन होते. कीर्तन मला आवडते, पण बुवा पुराव्याला बांधील नसतात.

लेनिनच्या भेटीचेही तेच. 1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त, ॲग्नेस स्मेडली यांच्याबरोबर बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या मंडळींत खानखोजे होते, याविषयी शंका नाही. लोकप्रिय लेखांत त्यांची लेनिनशी सविस्तर चर्चा होते. भूपेंद्रनाथ दत्तांनी लिहिले आहे ते असे की, मंडळींनी आपले निवेदन पाठवले आणि लेनिनने लेखी उत्तरात वर्गांची चर्चा बाजूला ठेवून हिंदुस्थानातल्या शेतकरी संघटनांची आकडेवारी गोळा करायला सांगितले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या आठवणींत हीच मंडळी फार वेगळ्या रंगात दिसतात, कारण रॉय त्यांचे प्रतिस्पर्धी होते. मला यात मोह पाडणारी गोष्ट दिसते ती दत्तांच्या सांगण्यात. शेतकऱ्यांच्या संघटना पाहा, असा सल्ला मिळालेल्या गटातला एक माणूस थोड्याच वर्षांत मेक्सिकोच्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढतो! लेखणी शिवशिवते. पण त्या सल्ल्यामुळे त्या शाळा निघाल्या, असे म्हणायला माझ्यापाशी काही नाही, म्हणून मी ते म्हणणार नाही.

दिएगो रिवेराच्या चित्राविषयी थोडक्यात. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत 1928 च्या सुमारास त्याने एक भित्तिचित्र रंगवले. त्याच्या नावाचा अर्थ ‘आमची भाकर’ असा होतो. पंगतीसारखे टेबल भरलेले आहे आणि शीर्षस्थानी बसलेला सावळा माणूस भाकर मोडतो आहे. तो माणूस खानखोजे, असे घरची मंडळी सांगतात आणि आता सगळेच लिहितात. रिवेरा चापिंगोच्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होता, खानखोजे त्याच आवारात शिकवत होते, तेव्हा ओळख असणारच. पण चित्रकाराने खाली नाव लिहिलेले नाही. समजा उद्या कुणी सिद्ध केले की तो चेहरा दुसऱ्या कुणाचा आहे, तर खानखोजे यांचे काय कमी होते? काहीच नाही. याउलट टीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार स्त्रीने त्याच सुमारास काढलेले त्यांचे फोटो आहेत. त्यांत मक्याच्या प्रयोगात गढलेला माणूस दिसतो, शेतकऱ्यांच्या शाळा दिसतात. 1930 मध्ये मोदोत्तीला मेक्सिकोतून हद्दपार केले गेले, म्हणजे हे फोटो त्याआधीचे, हेही नक्की होते. चित्रातल्या चेहऱ्यावर शंभर लेख, आणि फोटोतल्या मक्यावर मराठीत फारच थोडे. हा व्यवहार मला समजत नाही.

आता सर्वांत मोठा दावा. ‘हरितक्रांतीचे खरे जनक.’ 2022 साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोला गेले आणि खानखोजे यांच्या तिथल्या पुतळ्याची बातमी आपल्याकडे झळकली, तेव्हा हा दावा पुन्हा उसळून आला. हरितक्रांतीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या नॉर्मन बोरलॉग यांनी खानखोजे यांच्याच कामावर कळस चढवला, असे सांगतात. कुणी तर बोरलॉग त्यांचे शिष्य होते, असेही लिहितात.

हरितक्रांतीचा गहू कुठून आला ते पाहू. जपानात 1935 मध्ये नोरिन-10 नावाचा बुटका गहू तयार झाला. खत घातले की उंच गहू वाऱ्याने लोळतो, हा लोळत नसे. 1946 मध्ये एका अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचे बी जपानातून नेले. ते पोचले ऑर्व्हिल फोगेल यांच्या हाती. फोगेल यांनी अमेरिकेतल्या गव्हाशी त्याचा संकर केला आणि 1950 च्या दशकात ते बी मेक्सिकोत बोरलॉग यांच्याकडे पाठवले. बोरलॉग 1944 पासून तिथे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या कामावर होते आणि तांबेऱ्याला दाद न देणारा गहू घडवत होते. या दोहोंच्या मेळातून लेर्मा रोहो आणि सोनोरा-64 ही वाणे निघाली. 1966 मध्ये भारताने त्यांचे 18,000 टन बी मागवले आणि पंजाबचे रान बदलले.

फोगेल काम कुठे करत होते? पुलमनला. ज्या कॉलेजातून 1913 मध्ये खानखोजे पदवी घेऊन बाहेर पडले, त्याच कॉलेजात.

पहिल्यांदा हे जुळले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. खानखोजे जपानला गेले, तिथून अमेरिकेत पुलमनला, तिथून पुढे मेक्सिकोला, आणि शेवटी भारतात आले. बुटका गहू जपानात जन्मला, पुलमनला गेला, मेक्सिकोला गेला आणि भारतात आला. मुक्कामांचा क्रमसुद्धा तोच. एखाद्या चरित्रकाराला याहून मोठे घबाड मिळणार नाही. आणि तरीही हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडल्याचा प्रकार आहे. फोगेल यांनी त्या जपानी बियाला हात घातला तेव्हा खानखोजे यांना पुलमन सोडून 30 वर्षे उलटून गेली होती. बुटकेपणाचा तो गुण जपानातून आला, चापिंगोतून नाही. मेक्सिकोत खानखोजे यांनी गव्हावर, मक्यावर, डाळींवर काम केले, दुष्काळ आणि हिवाळा सोसणारी वाणे शोधली, हे खरे. सोनोराच्या गव्हाचे जनकत्व मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आणि मला हे दुसऱ्या कुणी परक्याने सांगण्याआधी वर्ध्यातल्या माणसाने सांगितलेले बरे वाटते.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळते. “असू द्या ना हो. आधीच आपल्या माणसाला कुणी विचारत नाही. थोडं जास्तीचं सांगितलं तर बिघडलं काय?” हे म्हणणारी माणसे मनाने चांगली असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. पहिले बिघडते ते असे की एक दावा खोटा निघाला की ऐकणारा सगळेच टाकून देतो. शिवकर बापूजी तळपदे हे वेदाभ्यासी आणि हुन्नरी गृहस्थ होते. पण 1895 मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची गोष्ट इतकी ताणली गेली की आज त्यांचे नाव काढताच निम्मे लोक हसतात आणि उरलेले निम्मे चिडतात. त्या माणसाने खरोखर काय खटपट केली हे विचारायला कुणी उरत नाही.

दुसरे बिघडते ते अधिक खोल आहे. हरितक्रांतीचा जनक म्हणून आपण खानखोजे यांना ज्या रांगेत उभे करतो, ती त्यांची रांगच नाही. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर जमीनदारांच्या हासिएंदा मोडून कुळांना जमिनी मिळत होत्या. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबण्यापलीकडे काही केले नाही, त्यांच्या हाती अचानक स्वतःचा तुकडा आला. बी कसे निवडायचे, कणीस कोणते राखायचे, सहकार कसा करायचा, हे त्यांना कोण शिकवणार? खानखोजे यांनी सहकाऱ्यांसह त्यांच्यासाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. एका शाळेला एमिलियानो झापाता या मारल्या गेलेल्या शेतकरी पुढाऱ्याचे नाव होते. मका हे तिथल्या गरिबाचे अन्न, आपल्याकडच्या ज्वारीसारखे. खानखोजे यांच्या मनाचा मोठा वाटा त्या मक्यात होता. मेक्सिकोतले इतिहासकार दानिएल केंत कार्रास्को यांनी खानखोजे यांच्यावर जो प्रदीर्घ निबंध लिहिला आहे, त्याच्या शीर्षकातच चापिंगोपासून सोनोरापर्यंतची वाट आहे. जमीन वाटपाच्या चळवळीकडून शेतीच्या उद्योगाकडे मेक्सिको कसा सरकला, ते ती वाट दाखवते. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातली शेती मोठ्या, बागायती रानांची. बी, खत, पाणी आणि पैसा हाताशी असलेल्यांची. चापिंगोच्या त्या शाळांत येणाऱ्याकडे यातले काहीच नव्हते.

हा फरक वर्ध्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमचा जिल्हा कोरडवाहू कापसाचा, आता सोयाबीनचाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले त्यांत वर्धा होता. इथला शेतकरी दर मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रासमोर उभा राहून कपाशीचे पाकीट विकत घेतो, कारण संकरित बी घरी राखून चालत नाही. बी कुणाच्या हाती असावे, हा प्रश्न आमच्या बांधावर उभा आहे. आणि बरोबर याच प्रश्नावर ज्याने परमुलखात आयुष्याची ऐन वर्षे घातली, तो माणूस आमच्या गावात जन्मलेला. त्याला आपण गव्हाच्या जनकत्वाचा मुकुट चढवतो आणि त्याची मक्याची शाळा विसरतो. ही उपेक्षा परक्यांनी केलेली नाही.

योगायोगच हवा असेल तर मला वेगळा एक सुचतो, आणि तो मी तुलना म्हणूनच मांडतो. 1934 च्या अखेरीस वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा गूळ, तेलघाणी, कागद यांचे प्रयोग करू लागले. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकायची नयी तालीम तिथून निघाली. वर्ध्याचा मुलगा मेक्सिकोत शेतकऱ्याला शेतातच शिकवत होता, आणि त्याच दशकात त्याच्या जन्मगावी लोक तोच विचार वेगळ्या वाटेने करत होते. यातल्या कुणी कुणाकडून काही घेतले असे मी म्हणत नाही. बंदूक हाती घेतलेला माणूस आणि ती नाकारणारा माणूस, दोघेही अखेर गरिबाच्या शेतापाशी येऊन थांबले, याचा विचार करायला कार्यकारणभाव लागत नाही.

वीणा गवाणकर यांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ लिहून मराठी वाचकाला या माणसाची ओळख करून दिली. मुलगी सावित्री साहनी यांनी वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ही दोन्ही कामे प्रेमाची आहेत आणि त्यांच्याशिवाय माझ्यासारख्याला या विषयाचे दारही सापडले नसते. आता पुढचे काम रुक्ष आहे. स्पॅनिश शिकलेली मराठी मुले आज पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. त्यांच्यापैकी कुणी चापिंगोच्या ग्रंथालयात बसून मक्याविषयीची खानखोजे यांची पत्रके मराठीत आणावीत. कोणते कणीस त्यांनी कशाशी लावले, पीक किती आले, शेतकऱ्याने ते स्वीकारले की टाकले, हे आकड्यांसह कळावे. फसलेले प्रयोगही कळावेत.

आणि जन्मसाल? शाळेचे दाखलखारीज रजिस्टर कायम जपून ठेवायचे दप्तर असते. वर्ध्यातल्या जुन्या शाळांच्या कपाटांत, कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, मोडीत किंवा बाळबोधीत एक ओळ असेल. त्या मुलीला मी फोन करून सांगितले आहे. ती आता बारावीला आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे परवानगी काढून पहिल्या शाळेत जाणार आहोत, आणि मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत यायला तयार झाले आहेत.